कालगणना आणि हातचा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बेरीज-वजाबाकी शिकलो, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आज मला मिळाला, याबद्दल मी आयोजकांचा मनःपूर्वक ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले गुरुजी गणित शिकवीत. उत्तर बरोबर आले तरी ते पाटी लगेच परत देत नसत. ‘हातचा कुठे ठेवलास?’ असा त्यांचा प्रश्न असे. नऊ आणि चार तेरा. तीन लिहिले, एक हातचा. हा हातचा मनात ठेवणारा मुलगा पुढे चुकतो आणि तो योग्य घराच्या माथ्यावर मांडणारा चुकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माझे वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांच्या वहीतही हाच नियम पाळला जाई. पान भरले की बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर ‘मागील बेरीज’ म्हणून यायचीच. ती न उतरवता कोणी नवे पान सुरू केले, तर त्या पानावरचा प्रत्येक आकडा खरा आणि एकूण हिशेब मात्र खोटा, असा विचित्र प्रकार झाला असता.

पुढे माझे आयुष्य संगणकाची परिचालन प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, लिहिण्यात आणि दुरुस्त करण्यात गेले. त्या कामात काळाचा हिशेब ठेवताना मला गुरुजींच्या याच प्रश्नाची वारंवार आठवण झाली. म्हणून आजचा विषय असा निवडला : संगणकाने काळ मोजण्यासाठी अंकांची किती घरे ठेवावीत, ती कोणत्या प्रकारची असावीत, आणि घरे भरल्यावर हातच्याचे काय करावे. विषय कोरडा वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांचे कर्ज, ठेव आणि निवृत्तिवेतन या प्रश्नाशी जोडलेले आहे, हे मी दाखवू शकेन अशी आशा आहे.

संगणक काळ कसा मोजतो

आपण तिथी, वार, महिना, साल असा काळ सांगतो. संगणकाला हे सारे अवघड जाते. त्याला एकच संख्या सोयीची असते. म्हणून एक आरंभबिंदू ठरवायचा आणि तेथून किती एकके लोटली ते मोजत राहायचे. युनिक्स या प्रणालीने १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीस आरंभ मानले आणि तेथून सेकंद मोजले. आज आपल्या खिशातील दूरध्वनीपासून बँकेच्या संगणकापर्यंत असंख्य यंत्रांत हीच मोजणी चालते.

ही कल्पना पाश्चात्त्यांची आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या ज्योतिषग्रंथांतील ‘अहर्गण’ म्हणजे नेमके हेच. ठरलेल्या आरंभापासून लोटलेल्या दिवसांची संख्या काढायची आणि तिच्यावरून ग्रहांची स्थाने साधायची. भास्कराचार्यांनी कल्पाच्या आरंभापासून गणित मांडले. तो अहर्गण ७२ हजार कोटींच्या घरात जातो. कलियुगाच्या आरंभापासून मोजले तरी आज १८ लाखांहून अधिक दिवस होतात. एवढ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार हाताने करायचे म्हणजे चुकीला आमंत्रणच.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे १५२० या वर्षाचा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचले, तेव्हा त्यांनी यावर एक सुंदर तोड काढली. चालू शकातून १४४२ वजा करावेत आणि बाकीला ११ ने भागावे. जो भागाकार येईल ती ‘चक्रे’. प्रत्येक चक्र ४०१६ दिवसांचे. अहर्गण मोजायचा तो फक्त चालू चक्रातला. त्यामुळे दिवसांची संख्या चार अंकांच्या आसपासच राहते. उदाहरणार्थ, शके १९४७ साठी ५०५ वर्षे होतात. त्यांची ४५ चक्रे होऊन १० वर्षे उरतात. आता ती ४५ चक्रे टाकून दिली काय? मुळीच नाही. प्रत्येक ग्रहासाठी एका चक्राचा ‘ध्रुव’ दिलेला आहे. तो चक्रसंख्येने गुणून हिशेबात धरावाच लागतो. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे या ग्रंथावरून तयार होत आली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात या परंपरेचा सविस्तर इतिहास मराठीत लिहून ठेवला आहे.

मला येथे लक्षात आणून द्यायचे आहे ते एवढेच : गणेश दैवज्ञांनी लहान संख्या निवडली, पण हातचा लिहून ठेवला. चक्र हा त्या गणिताचा हातचा आहे. लहान घर निवडणे हा दोष नव्हे. भरलेल्या घरातून जे बाहेर पडते त्याची नोंद न ठेवणे, हा दोष.

भरलेले घर

संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. त्याचे एक घर म्हणजे एक ‘बिट’, आणि त्यात शून्य किंवा एक एवढेच मावते. युनिक्सने सेकंदांसाठी अशी ३२ घरे दिली. त्यांपैकी एक घर धन-ऋण चिन्हासाठी गेले. उरलेल्या ३१ घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. एवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पूर्ण होतील. पुढच्या सेकंदाला हातचा चिन्हाच्या घरात शिरेल, संख्या ऋण होईल, आणि ज्या यंत्रात ही जुनी मोजणी उरलेली असेल ते यंत्र तारीख दाखवील डिसेंबर १९०१ ची.

युनिक्सच्या कर्त्यांना हे कळत नव्हते असे नाही. १९७१ मधील पहिल्या माहितीपुस्तकात तर सेकंदाचे साठावे भाग मोजले जात. अमेरिकेतील विजेची वारंवारता ६० असल्याने ते सोयीचे होते. परंतु त्या वेगाने ३२ घरे अवघ्या सव्वादोन वर्षांत भरत. तेव्हा आरंभबिंदू पुढे सरकवावा लागला आणि अखेरीस पूर्ण सेकंद मोजण्याचे ठरले. १६ बिटांच्या त्या लहान यंत्रावर ३२ बिटांची संख्या ही चैनच होती. दोन संशोधकांनी आपल्या कामापुरते केलेले एक साधन जगभर पसरेल आणि ६८ वर्षे पुरवावे लागेल, असे त्या वेळी कोणास वाटले असते?

२०३८ अजून दूर आहे, असे कोणी म्हणेल. पण हिशेब पुढचा असतो. २०१८ मध्ये घेतलेले वीस वर्षांचे गृहकर्ज २०३८ मध्ये फिटते. सुकन्या समृद्धी खाते २१ वर्षांनी पूर्ण होते. म्हणजे २०१८ मध्ये उघडलेल्या खात्याची मुदत २०३९ मध्ये संपते. ज्या आज्ञावलीला ती तारीख लिहिता येत नाही, तिच्यापुरते २०३८ साल केव्हाच येऊन गेले आहे.

माझी स्वतःची एक चूक

दुसऱ्यांचे दोष सांगण्यापूर्वी स्वतःचा सांगावा. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी एका कारखान्यातील नियंत्रणयंत्रासाठी आज्ञावली लिहिली. यंत्र सेकंदाला शंभर टोले मोजी, आणि ते मोजण्यासाठी चिन्हरहित ३२ घरे होती. एखाद्या कामाची मुदत ठरवायची, तर मी चालू टोल्यांत मुदतीचे टोले मिळवून अंतिम संख्या काढत असे आणि ‘चालू संख्या अंतिम संख्येपेक्षा लहान आहे काय’ एवढेच तपासत असे. आठवडाभर चाचणी घेतली. सर्व काही उत्तम चालले.

पुढे सव्वा वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर ते यंत्र एके दिवशी निमूटपणे वाट पाहत थांबले. बंद करून पुन्हा सुरू केले की ठीक चाले. कोणाला कारण सापडेना. अखेर कागद-पेन्सिल घेऊन मी भागाकार केला. सेकंदाला शंभर या वेगाने ३२ घरे ४९७ दिवसांत भरतात. अंतिम संख्या घरे भरण्याच्या काठावर होती. माझी तपासणी होण्याआधीच मोजणी शून्यावर उतरली, आणि ‘मुदत अजून फार दूर आहे’ असे यंत्राला वाटले. यंत्र प्रामाणिक होते. हातचा मी विसरलो होतो.

उपाय एका ओळीचा निघाला. ‘मुदत आली का’ असे न विचारता ‘आरंभापासून किती वेळ गेला’ असे विचारायचे. भिंतीवरचे घड्याळ पाहा. अकराला निघालेला मनुष्य दोनला पोहोचला. दोन हे अकरापेक्षा लहान, म्हणून तो निघण्याआधीच पोहोचला असे आपण म्हणत नाही. तीन तास लागले असे म्हणतो. चिन्हरहित संख्यांची वजाबाकी संगणकातही अशीच घड्याळासारखी फिरून बरोबर येते. अट एवढीच की, मोजायचे अंतर एका पूर्ण फेऱ्यापेक्षा लहान असावे.

अशा चुका केवळ माझ्यासारख्या नवशिक्याच्याच नसतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांविषयी आदेश काढला. हे विमान आपल्या एअर इंडियाकडेही आहे. वीजपुरवठा २४८ दिवस अखंड चालू राहिल्यास जनित्रांच्या नियंत्रकांतील मोजणी भरून जाईल आणि सर्व जनित्रे एकाच वेळी बंद पडू शकतील, असे प्रयोगशाळेतील चाचणीत आढळले होते. सेकंदाचे शंभरावे भाग मोजले तर ३१ घरे भरण्यास साडेअठ्ठेचाळीस अधिक दोनशे दिवस लागतात, हा ताळा विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावा. सुदैवाने दोष वेळीच सापडला आणि ठरावीक मुदतीत वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघाला.

चिन्ह हवे की नको

येथे एक शंका साहजिक आहे. चिन्हासाठी ठेवलेले घरही मोजणीला दिले तर? संख्या दुप्पट होते आणि मर्यादा २०३८ वरून ७ फेब्रुवारी २१०६ पर्यंत जाते. एका घराच्या बदल्यात ६८ वर्षे! सौदा स्वस्त वाटतो.

पण आपल्याच गावातील उदाहरण घेऊ. निपाणीच्या विडी उद्योगात हजारो भगिनींनी हयात घालवली. हजार विड्यांमागे मजुरी, आणि त्या मजुरीतून भविष्यनिर्वाह निधीची कपात. समजा, एखाद्या भगिनीचा जन्म १ जानेवारी १९६२ चा आहे. १९७० हा आरंभ मानला तर तिचा जन्मक्षण उणे २५,२४,६०,८०० सेकंद असा लिहावा लागतो. चिन्हच नसलेल्या घरांत ही संख्या ठेवली, तर संगणक ती निमूटपणे धन म्हणून वाचतो, आणि ती भगिनी ६ फेब्रुवारी २०९८ रोजी जन्माला येणार असे ठरते! जी अजून जन्मलीच नाही तिला निवृत्तिवेतन कोण देणार?

शिवाय दोन वेळांची वजाबाकी नेहमी धनच येते असे नाही. ‘ही नोंद त्या नोंदीच्या आधीची आहे’ हे सांगायला ऋण संख्या लागते. म्हणून माझे मत असे झाले आहे की, यंत्राच्या आतले टोले मोजायला चिन्हरहित संख्या चालेल. माणसांच्या तारखा लिहायला चिन्हासहितच संख्या हवी. माणसांचा काळ १९७० पासून सुरू होत नाही.

घरे वाढवली, तरी

मग खरा उपाय कोणता? चिन्हासहित ६४ घरे. त्यात सेकंद मोजले तर सुमारे २९ हजार कोटी वर्षे मावतात. आपला एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. म्हणजे असे ६७ कल्प झाले. भास्कराचार्यांनाही ते पुरले असते.

परंतु ६४ ही काही मंत्राक्षरे नव्हेत. एकक बदलले की मर्यादा बदलते. त्याच ६४ घरांत सेकंदाचे अब्जांश मोजले, तर ती २२६२ मध्येच भरतात. टोले मोजायला हे पुष्कळ झाले; पण शिवकालातील बहुतेक तारखा आणि भास्कराचार्यांच्या काळातील तारखा त्यात मावत नाहीत. म्हणून प्रत्येक संख्येच्या नावातच तिचे एकक लिहावे, हा मी कटाक्षाने पाळलेला नियम आहे. दिवाणजींच्या वहीत मण आणि किलो एकाच रकान्यात येत नसत.

दुसरा फसवा प्रकार असा. सेकंदांना हजाराने गुणून सहस्रांश सेकंद काढायचे आणि उत्तर ६४ घरांच्या जागेत ठेवायचे. दिसायला सुरक्षित. पण गुणाकार जर ३२ घरांतच झाला, तर अवघ्या २४ दिवस आणि काही तासांच्या अंतरालाच तो ओसंडतो. नंतर मोठे भांडे पुढे करून काय उपयोग? सांडायचे ते आधीच सांडलेले असते. आधी रुंद करावे, मग गुणावे. शिवाय चिन्हासहित संख्या ओसंडली तर काय व्हावे हे सी भाषेच्या नियमांनी ठरवलेलेच नाही. तेथे घड्याळासारखे फिरून येण्याचाही भरवसा नाही.

तिसरी गोष्ट प्रकाराच्या नावाची. सी भाषेत ‘लाँग’ नावाचा पूर्णांक आहे. जुन्या यंत्रांवर तो ३२ घरांचा, नव्या युनिक्सवर ६४ घरांचा, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर पुन्हा ३२ घरांचाच. एकच नाव आणि गावोगावी वेगळे माप! ज्यांनी वेळेची संख्या सवयीने ‘लाँग’मध्ये ठेवली, त्यांनी आपला हिशेब दुसऱ्याच्या मापावर सोडला. वेळेसाठी ‘टाइम-टी’ हे स्वतंत्र नाव त्यासाठीच आहे. ते शेवटपर्यंत वापरावे. नाहीतर किती घरे आहेत ते नावातच सांगणारा प्रकार वापरावा.

दुरुस्तीची किंमत

मध्येच माप बदलणे किती कठीण, हे सीमाभागातील आपणांस सांगायला नको. १९५६ मध्ये एका रात्रीत आपले राज्य बदलले; कागदपत्रे, कचेऱ्या आणि त्यांची भाषा यांच्याशी जुळवून घेण्यात पिढ्या गेल्या. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखी राहिली. मराठी माणूस पाडवा म्हणो की कन्नड माणूस युगादी म्हणो, दिवस एकच आणि शालिवाहन शकही एकच. मोजणीचा आरंभ आणि माप समान असले की माणसे बोलू शकतात. यंत्रांचेही तसेच आहे. एका आज्ञावलीने ६४ घरांत वेळ दिली आणि दुसरीने ती ३२ घरांची समजून घेतली, तर दोघीही आपापल्या जागी शुद्ध आणि व्यवहार अशुद्ध.

म्हणून हे काम वर्षानुवर्षे चालले. नेट-बीएसडीने २०१२ मध्ये आणि ओपन-बीएसडीने मे २०१४ मधील ५.५ या आवृत्तीत आपल्या सर्व यंत्रांवर ६४ घरांची वेळ आणली. जुन्या प्रतीवर घडवलेल्या आज्ञावल्या नव्या प्रणालीवर चालणार नाहीत, त्या पुन्हा घडवाव्या लागतील, ही किंमत ओपन-बीएसडीने उघडपणे पत्करली. ज्यांना जुने मोडायचे नव्हते त्यांना अधिक काळ लागला. लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठी हे काम २०२० च्या ५.६ आवृत्तीपर्यंत आकारास आले, आणि डेबियनच्या बहुतेक ३२-बिटी प्रकारांत ते २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत पोहोचले. तरीही तबकडीवर लिहिलेल्या जुन्या नोंदी, यंत्रांनी एकमेकांस पाठवायचे ठरावीक आकाराचे निरोप, आणि भिंतीत किंवा पेटीत बसवून विसरलेली लहान यंत्रे यांचा शोध घ्यावाच लागेल. यंत्रांची घड्याळे जुळवणाऱ्या जाळ्यातील नियमात तर १९०० पासूनचे सेकंद ३२ घरांत मोजतात. ती मोजणी ७ फेब्रुवारी २०३६ रोजी, म्हणजे २०३८ च्याही आधी, शून्यावर येते.

लिनक्समधील एक लहानशी युक्ती मला फार आवडते. त्याची टोल्यांची मोजणी शून्यापासून सुरू होतच नाही. घरे भरायला पाच मिनिटे उरली असतील अशा संख्येपासून ती मुद्दाम सुरू केली आहे. त्यामुळे माझ्यासारख्या विसराळू माणसाची चूक ४९७ दिवसांनी परगावच्या कारखान्यात न उघडता, पाच मिनिटांनी त्याच्याच टेबलावर उघडी पडते. मला तर यात आपले गुरुजीच दिसतात. परीक्षेच्या दिवसाची वाट न पाहता पहिल्याच तासाला ते हातच्याची बेरीज घालीत.

समारोप

या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पुढे संगणकाची कामे करतील. त्यांना माझे सांगणे असे. एखाद्या संख्येत काळ ठेवण्यापूर्वी तिला चार प्रश्न विचारा : तुझी घरे किती? तुला ऋण होता येते काय? तुझे एकक कोणते? आणि घरे भरतील त्या दिवशी हातचा कोठे जाईल? चारही उत्तरे लिहून ठेवा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘तोवर ही आज्ञावली वापरात नसेल’ असे असेल, तर ते उत्तर नव्हे. १९७० मध्येही तसेच वाटले असेल.

घरांची संख्या ठरवणारा मनुष्य, ती भरतील तेव्हा तेथे नसतो. तेथे दुसरेच कोणी असते. ती कर्ज फेडणारा शिक्षक असेल, निधीची वाट पाहणारी विडी कामगार भगिनी असेल, मुलीच्या खात्याची मुदत मोजणारा बाप असेल. त्यांना बिट म्हणजे काय हे ठाऊक नसेल, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. त्यांचा हातचा आपण सांभाळून ठेवावा, एवढाच त्यांचा आपल्यावर हक्क आहे. गुरुजींनी आम्हांला शिकवले ते हेच, असे मी समजतो.